याला चढतच नाही

चुलतभावाच्या लग्नाची वरात रात्री साडेबाराला संपली. डीजे बंद झाला, नवरदेव घोड्यावरून उतरला आणि मंडपामागच्या अंधारात चार-पाच पोरं उलट्या करत बसली. त्यांच्यात एकटा ताठ उभा होता तो आमचा धाकटा. एकेकाला पाणी पाजत होता, चपला शोधून देत होता, गाड्यांच्या किल्ल्या काढून स्वतःच्या खिशात टाकत होता. वय सतरा. प्यायला तोही होता, इतरांच्या बरोबरीने, कदाचित थोडी जास्तच. मावसभावाने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “वाघ आहे आपला. याला चढतच नाही.”

मी मंडपाच्या कनातीआड उभी राहून ते ऐकलं आणि मला हायसं वाटलं. मोठी बहीण म्हणून राग यायला हवा होता, तो आला नाही. हा लोळत तरी नाहीये, शुद्धीत आहे, एवढंच मनात आलं. अण्णांना वास येऊ नये म्हणून मीच त्याच्या हातावर मूठभर बडीशेप ठेवली आणि त्याला मागच्या दाराने घरात घेतलं.

२०१२ सालची, बार्शीतली गोष्ट. पुढच्या दहा वर्षांत मी त्या रात्रीकडे किती वेळा परत गेले असेन! “चढत नाही” हे कौतुकाचं वाक्य नव्हतं, ती धोक्याची पहिली खूण होती, हे मला फार उशिरा कळलं. कुणाच्या घरात ते वेळेवर कळावं म्हणून हे लिहितेय. धाकट्याला विचारून लिहितेय. त्याची एकच अट होती, नाव नको.

अमेरिकेत सॅन दिएगोला मार्क शुकिट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी विशीतल्या मुलांना प्रयोगशाळेत मापून दारू दिली. काहींचे वडील व्यसनी होते, काहींचे नव्हते. दारू पोटात गेल्यावर मुलगा उभ्याउभ्या किती झुलतो, त्याला स्वतःला किती चढल्यासारखी वाटते, याच्या नोंदी ठेवल्या. सुमारे दहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं. १९९४ साली निष्कर्ष छापून आले. व्यसनी वडिलांच्या ज्या मुलांना विशीत कमी चढत होती, त्यांच्यातले ५६ टक्के पुढे व्यसनात अडकले होते. ज्यांना लवकर चढत होती, त्यांच्यात हेच प्रमाण १४ टक्के होतं.

विचार केला तर यात नवल नाही. ज्याला दोन पेगमध्ये गरगरतं, त्याला त्याचं शरीरच “बास” म्हणतं. ज्याला गरगरत नाही त्याला थांबवणारं आतून कुणी नसतं. त्यातून बाहेरचे लोक पाठ थोपटतात. “पचवतो” हा आपल्याकडे गुण आहे, कपॅसिटी हा शब्द पोरं छाती पुढे काढून वापरतात. मग असा मुलगा आपोआप जास्त पिणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन बसतो, कारण त्याची सोबत तेच करू शकतात.

आमचे अण्णा माळकरी, त्यांनी दारूला कधी हात लावला नाही. पण त्यांचे वडील, आमचे आजोबा, हातभट्टीची प्यायचे. अण्णांनी लहानपणी बापाला गटारातून उचलून आणलं होतं. त्याबद्दल ते एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलायचे नाहीत म्हणजे कशाबद्दलच बोलायचे नाहीत. संध्याकाळी साडेसातला गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या लूनाचा आवाज आला की आम्ही दोघं पुस्तकं उघडून बसायचो, टीव्ही बंद करून त्यावर ओलं फडकं फिरवायचो, तो गरम लागू नये म्हणून. मार फार नव्हता. पण कोणत्या गोष्टीवरून भडका उडेल याचा अंदाज कधीच नसायचा. दारू एक पिढी ओलांडून गेली होती, तिचा धाक मात्र घरातच राहिला होता.

बालपणातल्या अशा गोष्टींची मोजदाद फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी केली आणि १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. मारहाण, अपमान, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन, घरातलं मानसिक आजारपण अशी त्यांची यादी होती. त्यातल्या चार किंवा जास्त गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांच्यात दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पटींनी वाढलेला दिसला. मी ती यादी वाचता वाचता बोटं दुमडली. आमच्या घराची दोन दुमडली गेली. चारच्या मानाने ते कमी आहे, पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

मग त्याच घरात वाढलेली मी का नाही प्यायले? हा प्रश्न मला त्याच्या डॉक्टरांनी नाही, त्यानेच विचारला होता. मुलगी म्हणून वरातीत माझ्या हातात कुणी ग्लास दिला नाही, हे पहिलं कारण. आणि मी माझ्या वाट्याची भीती पाठांतरात घातली. मी बोर्डात आले. माझ्या भीतीला बक्षीस मिळालं.

त्याची भीती वेगळी होती. आठवीत वर्गात उभं राहून धडा वाचायला सांगितला की त्याचे तळहात इतके भिजायचे की पुस्तकाची पानं फुगायची. तो मुठीत रुमाल दाबून धरायचा. छाती धडधडायला लागली की त्या धडधडीनेच आणखी घाबरायचा, आता आपल्याला काहीतरी होणार म्हणून. आई म्हणायची, लाजाळू आहे. आम्ही सगळे तेच म्हणायचो.

पॅट्रिशिया कॉनरॉड नावाच्या संशोधक आहेत, मॉन्ट्रियलला असतात. व्यसनाकडे नेणारे स्वभावाचे चार धागे त्यांनी वेगळे काढले. एक, सतत वाटणारी निराशा. दुसरा, घाबरल्यावर शरीरात जे होतं त्याचीच भीती. तिसरा उतावळेपणा आणि चौथी थराराची ओढ. आपण पालक म्हणून नजर ठेवतो ती शेवटच्या दोघांवर. बाईक भरधाव पळवणारा, भांडणं करणारा, वर्ग बुडवणारा मुलगा आपल्याला दिसतो. कोपऱ्यात बसलेला, मार्क बरे मिळवणारा, उलटून न बोलणारा मुलगा दिसत नाही. आमचा धाकटा चौघांतला दुसरा होता. त्याच्या बाबतीत आम्ही अगदी निर्धास्त होतो.

त्या वरातीच्या रात्री त्याला नशा सापडली नव्हती, आवाज सापडला होता. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. “ताई, त्या दिवशी मी पहिल्यांदा वीस जणांपुढे बोललो. सगळे हसले, पण माझ्या बोलण्यावर हसले, माझ्यावर नाही.” एवढ्या लहान गोष्टीसाठी! ज्याला ती कधी मिळाली नाही त्याच्यासाठी ती लहान नसते.

एम. लिन कूपर यांनी १९९४ साली पिणाऱ्या तरुण मुलांच्या कारणांची चौघांत वाटणी केली होती. मजा म्हणून, सोबत म्हणून, गटाबाहेर पडू नये म्हणून आणि मनातलं काही घालवायचं म्हणून. शेवटचं कारण सगळ्यांत वाईट. मजेसाठी पिणाऱ्याची मजा संपते. मनातलं घालवायला पिणाऱ्याचं मनातलं कधी संपत नाही, सकाळी ते दुपटीने परत येतं, कारण दारू उतरताना धडधड वाढवूनच उतरते. आणि कालचा उपाय तर हाताशीच असतो.

२०१७ साली तो पुण्यात आला, एमपीएससीसाठी. नवी पेठेत तिघांत एक खोली, शास्त्री रोडजवळ अभ्यासिका, दोन वेळची मेस. मी तेव्हा सिंहगड रोडला राहत होते, पण आमच्याकडे राहायला तो तयार नव्हता, “वातावरण लागतं” म्हणायचा. ते वातावरण ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा असतो, किती मार्कांनी राहिलं तो. दिवाळीला गावी गेलं की पाराजवळ भेटलेला प्रत्येक माणूस विचारतो, “काय साहेब, कधी?” धाकट्याने २०१९ नंतर दिवाळीला जाणं बंद केलं. अभ्यास आहे म्हणाला. आम्हाला अभिमान वाटला.

तिघांच्या त्या खोलीत शनिवारी बैठक व्हायची. प्रत्येकाला वाटायचं बाकीच्या दोघांना हे हवंय. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबद्दल डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ साली हेच दाखवलं होतं. प्रत्येकजण मनातून अवघडलेला आणि प्रत्येकाची समजूत अशी की अवघडलेला मी एकटाच. धाकट्याचा एक रूममेट, आता कुठेतरी तलाठी आहे, तो फार पुढे एकदा म्हणाला, की तो ग्लास घेऊन हात धुवायला जायचा आणि अर्धी दारू बेसिनमध्ये ओतून यायचा. दोन वर्षं ओतली. त्यातल्या एका तरी शनिवारी तो “मला नको आज” असं मोठ्याने म्हणाला असता तर काय झालं असतं, हे मी मनात अजून घोळवते. त्याचा दोष काहीच नाही. तोही तेवीस वर्षांचाच होता.

बाकीच्या दोघांची बैठक शनिवारपुरती राहिली. याची रोजची झाली, आणि एकट्याची.

११ मार्च २०२१. तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि नवी पेठेतली पोरं रस्त्यावर बसली. मी ते टीव्हीवर पाहत होते, गर्दीत त्याचा चेहरा शोधत होते. तो रस्त्यावर नव्हता. फोन उचलत नव्हता. शनिवारी मी त्याच्या खोलीवर गेले. रूममेट करोनामुळे गावी गेलेले, हा एकटाच. चादर बदलायला गादी उचलली तर कॉटखाली तांदळाचा कट्टा होता, तोंड सुतळीने बांधलेला. उचलायला गेले आणि आतून काच वाजली. सगळ्या एकशे ऐंशीच्या बाटल्या. स्वच्छ धुतलेल्या. प्रत्येकीवरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं, अगदी डिंकाच्या शेवटच्या रेषेपर्यंत. एवढ्या निगुतीने तो लहानपणी पतंगाला शेपूट लावायचा.

भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. साडेपाच ते सात, इतिहास. सात ते साडेसात, वर्तमानपत्र. असं करत संध्याकाळी साडेसातपर्यंत. साडेसात ते नऊ ही ओळ मोकळी होती. नऊपासून पुन्हा काही नव्हतं.

मी विचारलं, “किती पितोस?”

“एक क्वार्टर. कधी दीड.”

आणि मला परत एकदा हायसं वाटलं! एकच क्वार्टर. खंबा नाही. तेव्हा मला हिशेब येत नव्हता, तो इथे लिहून ठेवते. व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. १८० मिलिलिटरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त म्हणजे अतिमद्यपान मानते. माझा भाऊ महिनोन् महिने रोज रात्री ती रेषा गाठत होता आणि आम्ही दोघं “एकच” म्हणत होतो.

पण आकड्यापेक्षा मोठी चूक प्रश्नातच होती. “किती” विचारलं की माणूस कमी करून सांगतो किंवा दुसऱ्या कुणाशी तुलना करतो. मी “कशासाठी” विचारायला हवं होतं. ते न विचारताही त्याने सांगितलं, बऱ्याच वेळाने, पंख्याकडे बघत. “मला चव आवडत नाही ताई, अजूनही नाक दाबूनच पितो. पण तेवढा वेळ डोक्यातला माणूस गप्प बसतो.”

“कोण माणूस?”

“जो विचारतो, काय साहेब, कधी.”

त्यानंतर मी जे केलं ते सगळं चुकलं. आईची शपथ घातली. त्याचं एटीएम कार्ड स्वतःकडे घेतलं. एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पाच मिनिटांत इच्छाशक्तीवर व्याख्यान दिलं आणि सहाव्या मिनिटाला पुढचा पेशंट बोलावला. खाली मान घालून ऐकून घेणाऱ्या धाकट्याचे हात मी पाहिले. मुठीत रुमाल होता. शपथ मोडली की लाज, लाज वाटली की धडधड, धडधडलं की बाटली. मी त्याला आणखी एक कारण मिळवून दिलं होतं, एवढंच.

पुण्यात राहून मला हे कळायला हवं होतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी येरवड्यात मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून या शहरात कुणीतरी सांगतंय की हा आजार आहे आणि आजारी माणसाशी माणसासारखं बोलायचं असतं. मी ते वाचलेलं होतं. कौतुकाने वाचलेलं. आपल्या घरात आल्यावर मला ते आठवलं नाही, शपथ आठवली.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी आधी त्याचे हात बघितले. सकाळी बोटं थरथरत होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करायचं नसतं, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. औषधं देऊन, रोज तपासून त्यांनी ते आठवडाभरात उतरवलं. मग एका समुपदेशकाकडे पाठवलं. माणूस वयाने धाकट्याएवढाच. त्याने उपदेश केला नाही, एक शंभर पानी वही दिली. प्यावंसं वाटेल तेव्हा चार गोष्टी लिही म्हणाला, वेळ, जागा, त्याच्या अगोदर काय झालं, आणि दारूने नेमकं काय करून द्यावं असं वाटत होतं.

शेवटचा प्रश्न मला आधी विचित्र वाटला. नंतर कळलं की त्यामागे जुनं काम आहे. अॅलन मार्लॅट यांनी १९७३ साली व्यसनी माणसांना पेयं दिली, काहींना व्होडका घातलेलं टॉनिक, काहींना नुसतं टॉनिक, आणि काय आहे ते सांगताना मुद्दाम अदलाबदल केली. कोण जास्त पितो हे ग्लासातल्या दारूवर ठरलं नाही, ग्लासात दारू आहे या समजुतीवर ठरलं. माणूस दारूच्या आधी दारूकडूनची अपेक्षा पितो. वहीत धाकट्याने लिहिलेल्या अपेक्षा मी पाहिल्या आहेत, त्याने दाखवल्या म्हणून. “गावाकडून फोन आला. उचलायची ताकद यावी.” “मॉक इंटरव्ह्यूला घसा कोरडा पडला. विसरावं.” “पाऊस. काही झालं नाही. कुणीतरी सोबत असावं.” मजा हा शब्द अख्ख्या वहीत एकदाही नाही.

आणि वेळ जवळजवळ प्रत्येक पानावर तीच. साडेसात, सात चाळीस, सात पस्तीस. म्हणजे अण्णांची लूना गल्लीत शिरायची त्याच सुमाराला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

शिकलेल्या साध्या माणसाशी असं नीट बोलणं किती काम करतं याचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात मिळालं आहे. तिथे संगाथ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला स्थानिक माणसं तयार केली, डॉक्टर नसलेली, फक्त प्रशिक्षण घेतलेली. तीन महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष त्या धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. लॅन्सेटमध्ये हे २०१७ साली छापून आलं. शंभरातले दहा जास्त, हे कुणाला थोडं वाटेल. मला त्या दहांतल्या प्रत्येकाची बहीण दिसते.

गोव्यातल्याच पिणाऱ्या पुरुषांचा आणखी एक अभ्यास आहे, तो वाचून मी वही मिटून ठेवली होती. १९५६ ते ६० दरम्यान जन्मलेल्यांपैकी १९.५ टक्क्यांनी अठराच्या आत सुरुवात केली होती. १९८१ ते ८५ दरम्यान जन्मलेल्यांत तो आकडा ७४.३ वर गेला. लवकर सुरुवात म्हणजे पुढे अडकण्याची शक्यता जास्त, हे जगभर दिसलेलं आहे. आमच्याकडे महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे. वरातीत ती कुणी विचारत नाही.

धाकट्याला सातवीत दोन ऑक्टोबरच्या व्यसनमुक्ती निबंध स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. आईने तो निबंध जपून ठेवलाय. त्यात यकृत आहे, उद्ध्वस्त संसार आहेत, गांधीजी आहेत. उभं राहून वाचायला सांगितल्यावर छाती धडधडली तर काय करायचं, हे नाही. ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. कॉनरॉड यांनी शाळांमध्ये नेमकं तेच करून पाहिलं, स्वभावाप्रमाणे मुलांचे छोटे गट आणि दीड-दीड तासाच्या दोन बैठका, विषय दारू नव्हे, स्वतःचा स्वभाव. लंडनच्या शाळांत त्याने मुलांचं पिणं कमी झालेलं दिसलं. दोनच बैठका! आपल्या प्रत्येक तालुक्याच्या शाळेत हे व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तसं पत्रही लिहिलं आहे.

परीक्षेचा नाद त्याने २०२२ साली सोडला. सोलापुरात एका खतांच्या वितरकाकडे हिशेब बघतो. मधे एकदा घसरला, चार दिवस. पाचव्या दिवशी स्वतःच फोन केला. अण्णांना सगळं सांगितलं ते मी, त्याच्यासमोर. अण्णा उठून बाहेर गेले, तासाभराने आले आणि त्याच्या शेजारी पलंगावर बसले. त्यांनी पहिल्यांदा आजोबांना गटारातून उचललं ती संध्याकाळ सांगितली. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते.

आता रोज साडेसातला मी त्याला फोन करते, नाहीतर तो मला. ओढ लाटेसारखी येते आणि अर्ध्या तासात ओसरते असं त्या समुपदेशकाने सांगितलं होतं, तेवढा वेळ आम्ही बोलतो. दारूबद्दल नाही. काल मी राजाराम पुलावर अडकले होते, स्कूटरवर, फोन पर्समध्ये. बाजूला घेऊन पाहिलं तर सात बावन्न झाले होते आणि त्याचे दोन मिस्ड कॉल. लावला. तो मंडईत होता, मागे भाजीवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“मेथी घेऊ का गं दोन जुड्या?” म्हणाला. “निवडायला वेळ जातो.”